व्यापाराचा हिशेब कोणाच्या वहीत?

दोन देशांत व्यापार करार झाला की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत हस्तांदोलनाचे छायाचित्र झळकते. मागे दोन्ही राष्ट्रांचे ध्वज असतात, पुढे मंत्री असतात आणि खाली कोट्यवधी डॉलरच्या लाभाचा एक आकडा असतो. वाचक छायाचित्र पाहतो, आकडा वाचतो आणि पान उलटतो. तो आकडा आला कोठून, तो कोणी काढला आणि काढताना काय गृहीत धरले, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. खरे तर त्या छायाचित्रापेक्षा तो आकडाच अधिक महत्त्वाचा असतो. वाटाघाटीच्या मेजावर बसणारा अधिकारी काय मागायचे आणि काय सोडायचे, हे बऱ्याच अंशी त्या आकड्याकडे पाहूनच ठरवीत असतो. असे आकडे मंत्रालयांत जन्म घेत नाहीत. त्यांचा जन्म होतो तो विद्यापीठांतील संशोधकांच्या छोट्या छोट्या गटांत.

अशा गटांमध्ये जगात सर्वाधिक प्रभावी ठरलेला गट अमेरिकेच्या इंडियाना राज्यात, वेस्ट लाफायेत नावाच्या लहानशा गावी, पर्ड्यू विद्यापीठात आहे. कृषी अर्थशास्त्राचे प्राध्यापक थॉमस हर्टेल यांनी १९९२ साली तेथे ‘ग्लोबल ट्रेड अ‍ॅनालिसिस प्रोजेक्ट’ म्हणजेच ‘जीटॅप’ हा उपक्रम सुरू केला. जागतिक बँक, जागतिक व्यापार संघटना, युरोपीय आयोग यांसारख्या बलाढ्य संस्था आज या उपक्रमाच्या सहभागी सदस्य आहेत. ज्या संस्था जगाच्या व्यापाराचे नियम घडवितात, त्या आपल्या हिशेबासाठी एका विद्यापीठाच्या वहीचा आधार घेतात. ज्ञानाची सत्ता कशी चालते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

वहीत लिहिलेले असते तरी काय?

या वहीचे स्वरूप समजून घेणे फारसे अवघड नाही. प्रत्येक देशाची अर्थव्यवस्था हा देवघेवीचा एक मोठा पट असतो. कापूस उत्पादक सूतगिरणीला कापूस विकतो, सूतगिरणी यंत्रमागाला सूत विकते, यंत्रमागाचे कापड तयार कपड्यांच्या कारखान्यात जाते आणि तो कपडा घरात किंवा परदेशात पोहोचतो. या साऱ्या देवघेवीची नोंद असलेल्या तक्त्याला अर्थशास्त्रज्ञ आदान-प्रदान कोष्टक म्हणतात. पर्ड्यूच्या गटाने निरनिराळ्या देशांची अशी कोष्टके एकत्र जुळविली, त्यांना देशादेशांतील आयात-निर्यातीचे व शुल्काचे आकडे जोडले आणि जगाच्या व्यापाराचा एकच सलग ताळेबंद उभा केला. त्याच्या अकराव्या आवृत्तीत १४१ देश, उरलेल्या देशांचे १९ समूह आणि ६५ आर्थिक क्षेत्रे आहेत.

या ताळेबंदावर एक गणिती प्रारूप चालते. भारताने एखाद्या वस्तूवरील शुल्क निम्मे केले, तर भाव किती उतरतील, आयात किती वाढेल, कोणते क्षेत्र आकसेल आणि राष्ट्राला एकूण लाभ किती होईल, हे ते सांगते. हे प्रारूप एका दिवसात आकाशातून पडलेले नाही. त्याची मुळे ऑस्ट्रेलियात आहेत. तेथे १९७५ पासून सरकार आणि विद्यापीठे यांच्या सहकार्याने ‘इम्पॅक्ट’ प्रकल्प चालला. पीटर डिक्सन यांच्या गटाने ‘ओरानी’ नावाचे प्रारूप बांधले आणि त्या देशाच्या जकातीविषयीच्या वादांत त्याचा प्रत्यक्ष उपयोग झाला. ऑस्ट्रेलियासारख्या लहान लोकसंख्येच्या देशाने आपल्या प्रश्नांसाठी आपले प्रारूप घडविले आणि पुढे तेच जगाचे साधन झाले. या घटनेत आपल्याकरिता बोध आहे.

आकड्याआड दडलेली गृहीतके

कोणताही हिशेब त्याच्या गृहीतकांइतकाच खरा असतो. पर्ड्यूच्या मूळ प्रारूपात, वापरणाऱ्याने मुद्दाम बदल केला नाही तर, देशातील एकूण रोजगार स्थिर धरला जातो. स्वस्त आयातीमुळे एका उद्योगातून बाहेर पडलेला कामगार दुसऱ्या उद्योगात सामावला जातो, असे मानले जाते. कागदावर तो बेकार होत नाही. मालेगावचा वा इचलकरंजीचा माग बंद पडला, तर माग चालविणारा जणू दुसऱ्याच कोणत्या तरी कारखान्याच्या दारात उभा असतो! वयाची पंचेचाळिशी ओलांडलेला, घराचे कर्ज डोक्यावर असलेला आणि एकच कसब अंगी असलेला माणूस या गणितात दिसत नाही.

दुसरे गृहीतक याहून सूक्ष्म आहे. या प्रारूपात एका देशाचे एकच कुटुंब कल्पिलेले असते. देशाच्या खात्यात लाभ जमा झाला की हिशेब पूर्ण होतो. तो लाभ शहरातील ग्राहकाला मिळाला आणि तोटा कोरडवाहू शेतकऱ्याच्या वाट्याला आला, तरी बेरीज तीच राहते. तिसरी मर्यादा वर्गवारीची आहे. भाज्या, फळे व कवचफळे यांचा मिळून एकच स्तंभ आहे. म्हणजे नाशिकची द्राक्षे, लासलगावचा कांदा आणि सिंधुदुर्गचा काजू हे सारे एकाच खान्यात! सोयाबीन, भुईमूग आणि मोहरी हेही तेलबियांच्या एकाच खान्यात. सोलापूरचा टॉवेल आणि अद्ययावत सूतगिरणीचे सूत हे दोन्ही ‘कापड’ या एका शब्दात विरून जातात.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. हा दोष पर्ड्यूच्या संशोधकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्यांनी आपली गृहीतके लपविलेली नाहीत, जुन्या आवृत्त्या कोणालाही विनामूल्य उपलब्ध केल्या आहेत, आणि ज्याला गृहीतके बदलून हिशेब करावयाचा असेल त्याला तशी मुभाही ठेवली आहे. प्रश्न इतकाच आहे की, ती मुभा वापरणारे अभ्यासक आपल्या विद्यापीठांत किती आहेत?

घसरलेले लाभ, चुकलेले अंदाज

गृहीतके आणि आकडेवारी बदलली की निष्कर्ष किती बदलतात, याचा दाखला जागतिक व्यापार संघटनेच्या दोहा फेरीने दिला. व्यापार पूर्ण खुला झाल्यास जगाला ८३२ अब्ज डॉलरचा लाभ होईल आणि त्यातील ५३९ अब्ज विकसनशील देशांना मिळतील, असा जागतिक बँकेचा २००३ चा अंदाज होता. अवघ्या दोन वर्षांनी, अद्ययावत आकडेवारी हाती आल्यावर, तोच अंदाज २८७ अब्जांवर उतरला आणि विकसनशील देशांचा वाटा ९० अब्जांवर आला. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ फ्रँक अ‍ॅकरमन यांनी २००५ मध्ये या आकसत्या लाभांवर नेमके बोट ठेवले. विकसनशील देशांचा अपेक्षित लाभ दोन वर्षांत सहाव्या हिश्श्यावर येतो, तेव्हा पहिल्या आकड्याच्या बळावर ज्यांनी दारे उघडली असती त्यांना दोष कोणाला देता आला असता?

उत्तर अमेरिकेतील मुक्त व्यापार कराराची कथाही अशीच आहे. हा करार १९९४ मध्ये अमलात आला. मिनेसोटा विद्यापीठाचे टिमोथी केहो यांनी दशकभरानंतर जुन्या प्रारूपांची भाकिते प्रत्यक्ष घडामोडींशी ताडून पाहिली. प्रत्यक्षात वाढलेल्या व्यापाराचा अंदाज प्रारूपांना नीट आला नव्हताच, आणि कोणते क्षेत्र वाढेल हेही त्यांना सांगता आले नव्हते. पुढे २०१३ मध्ये डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांनी चिनी आयातीचा अमेरिकेतील स्थानिक रोजगारावर झालेला परिणाम १९९० ते २००७ या काळासाठी तपासला. ज्या भागांतील कारखान्यांवर चिनी मालाची झळ अधिक बसली, तेथे बेकारी वाढली, वेतन घटले आणि माणसे सहजासहजी दुसरीकडे सामावली गेली नाहीत. कामगार एका जागेवरून दुसरीकडे अलगद सरकतो, हे गृहीतक अमेरिकेतही टिकले नाही. मग भारताच्या खेड्यात आणि तालुक्याच्या गावात ते कसे टिकावे?

आपले जिल्हे, परक्यांचा अभ्यास

भारताबाबतही असा अभ्यास झालेला आहे, परंतु तो झाला कोठे, हे पाहण्यासारखे आहे. १९९१ मध्ये भारताने आयात शुल्कात मोठी कपात केली. तिचा जिल्ह्याजिल्ह्यांतील गरिबीवर काय परिणाम झाला, याचा सर्वाधिक चर्चिला गेलेला शोध पेतिया टोपालोवा या विदुषीने घेतला. त्याची सुरुवात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील त्यांच्या डॉक्टरेटच्या संशोधनात झाली, आणि २०१० मध्ये तो शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. आकडेवारी आपल्याच राष्ट्रीय नमुना पाहणीची होती. देशातील गरिबी एकूण घटत होती, पण ज्या ग्रामीण जिल्ह्यांतील व्यवसायांना शुल्ककपातीची झळ अधिक लागली, तेथे ती कमी वेगाने घटली, असा त्यांचा निष्कर्ष होता. राणा हसन, देवाशिष मित्र आणि बेझा उराल यांनी वेगळ्या पद्धतीने तपास केला तेव्हा त्यांना तसा प्रतिकूल परिणाम आढळला नाही.

दोहोंपैकी कोण बरोबर, याचा निवाडा अभ्यासकांनी करावा. ध्यानात घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. भारतीय जिल्ह्यांतील गरिबांविषयीचा हा मूलगामी वाद मुख्यतः परदेशी संस्थांमध्ये आणि परदेशी नियतकालिकांत रंगला. ज्यांच्या जिल्ह्यांविषयी तो होता, त्या जिल्ह्यांतील विद्यापीठांच्या अर्थशास्त्र विभागांत त्याचे पडसाद किती उमटले? आपल्याच घरातील दुखण्याचे निदान शेजाऱ्याने करावे आणि आपण त्याची चिठ्ठी वाचावी, अशी ही अवस्था आहे.

रानडे यांनी घालून दिलेला धडा

महाराष्ट्राला तर ही अवस्था मुळीच शोभणारी नाही. ‘जीटॅप’चा जन्म १९९२ चा. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १८९२ मध्ये, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्रजी अर्थशास्त्राचे सिद्धान्त ज्या गृहीतकांवर उभे आहेत, त्यांची यादीच त्यांनी श्रोत्यांपुढे मांडली. भांडवल आणि श्रम एका व्यवसायातून दुसऱ्या व्यवसायात सहज जातात, हे त्यांतीलच एक गृहीतक. भारतीय समाजाची घडण पाहता ही गृहीतके येथे लागू पडत नाहीत, तेव्हा त्यांवरून काढलेले धोरणही येथे डोळे मिटून लागू करता येणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. आजच्या संगणकीय प्रारूपांवर जो आक्षेप घेतला जातो, त्याचे बीज एका मराठी न्यायाधीशाने शतकापूर्वीच पेरले होते.

रानडे केवळ आक्षेप घेऊन थांबले नाहीत. त्यांच्याभोवती आकड्यांवर प्रेम करणारी माणसे होती. शिक्षण खात्यात आयुष्य वेचलेले रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी सरकारी अहवालांतील आकडे काढून सरकारच्याच धोरणाचा ताळा करीत आणि पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून ते मांडीत. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धान्त आकडेवारीवरच उभा केला. स्वदेशीच्या चळवळीला पुढे जे बळ आले, त्याच्या तळाशी या हिशेबी माणसांचे परिश्रम होते, याचे विस्मरण होता कामा नये.

१९३० मध्ये साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी आरंभी हाती घेतलेले विषय पाहावेत. १९३३ मध्ये पुण्यातील फळांच्या बाजाराची पाहणी, १९३५ मध्ये मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटारबस वाहतुकीची पाहणी! फळ बागेतून निघून गिऱ्हाइकाच्या टोपलीत पडेपर्यंत कोणाकोणाचे हात लागतात, हे बाजारात उभे राहून मोजलेले अर्थशास्त्र होते ते. उपयोजित अर्थशास्त्र याहून वेगळे काय असते?

मेजावर बसताना

आपल्याकडे काहीच नाही, असे म्हणणे मात्र वस्तुस्थितीला सोडून होईल. केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने १९९९ मध्ये दिल्लीच्या भारतीय विदेश व्यापार संस्थेत जागतिक व्यापार संघटनेच्या अभ्यासाचे केंद्र स्थापन केले. अशा केंद्राची गरज कशी भासते, हे धान्यसाठ्याच्या प्रश्नावरून कळते. जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी करारानुसार हमीभावातील ‘अनुदान’ मोजताना १९८६ ते १९८८ या काळातील आंतरराष्ट्रीय किंमत आधारभूत धरली जाते. म्हणजे आजच्या हमीभावातून कित्येक दशकांपूर्वीची किंमत वजा करावयाची आणि येणाऱ्या फरकाला अनुदान म्हणावयाचे! याच सूत्रामुळे २०१८-१९ च्या विपणन वर्षात भारताची तांदळाची आधारभूत मदत १० टक्क्यांची मर्यादा ओलांडून गेल्याचे दिसले आणि बाली येथे २०१३ मध्ये मिळविलेल्या शांतता कलमाचा आश्रय घ्यावा लागला. एका जुन्या आधारवर्षाने कोट्यवधी शेतकऱ्यांच्या हमीभावावर केवढी टांगती तलवार ठेवली! ज्यांनी ते सूत्र मान्य होण्यापूर्वी पुढील तीस वर्षांचा हिशेब करावयास हवा होता, तसे अभ्यासगट त्या वेळी पुरेशा संख्येने असते तर?

आसियान देशांबरोबरचा वस्तुव्यापार करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला. २०१०-११ मध्ये सुमारे ५ अब्ज डॉलर असलेली भारताची व्यापार तूट २०२२-२३ मध्ये ४३ अब्ज डॉलरच्या पुढे गेली आणि कराराच्या पुनर्विलोकनाची वेळ आली. पूर्वानुभवाची ही पार्श्वभूमी असताना भारताने ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉक येथे व्यापक प्रादेशिक आर्थिक भागीदारीच्या करारातून अंग काढून घेतले. त्या निर्णयाचे अनेकांनी स्वागत केले आणि ते समजण्यासारखेही होते. परंतु तुटीचा आकडा हा निकाल नव्हे, तो प्रश्न आहे. त्या तुटीतील पामतेल आणि कोळसा किती? तो माल करार नसता तरी आलाच असता का? कराराचा म्हणून स्वतंत्र परिणाम किती? हे सांगण्यासाठी भावना पुरत नाही, अभ्यास लागतो.

स्वदेशीला हिशेबाची जोड

अभ्यास कधी कधी आपल्याच आवडत्या समजुतींना धक्का देतो, हेही स्वीकारले पाहिजे. कोकणातील काजूचे उदाहरण घ्यावे. काजूप्रक्रियेचे कारखाने आफ्रिकी देशांतून येणाऱ्या कच्च्या काजूबियांवरही चालतात. बागायतदाराला वाटते, आयातीवर शुल्क असावे, म्हणजे त्याच्या बीला भाव मिळेल. कारखानदाराला वाटते, शुल्क नसावे, म्हणजे कारखाना बारमाही चालेल आणि तेथे काम करणाऱ्या महिलांची मजुरी बुडणार नाही. दोघेही एकाच तालुक्यातील, दोघेही स्वदेशी! येथे घोषणा कोणाच्या बाजूने द्यावयाची? पोलादावरील शुल्क वाढले की पोलाद कारखान्याला दिलासा मिळतो, पण तेच पोलाद विकत घेऊन सुटे भाग घडविणाऱ्या लघुउद्योजकाचा खर्च वाढतो. खाद्यतेलाचे शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये वाढविले गेले आणि मे २०२५ मध्ये कच्च्या तेलापुरते खाली आणले गेले. एकदा सोयाबीन उत्पादकाचा विचार झाला, एकदा गृहिणीच्या फोडणीचा. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात थांबविली गेली आणि मे २०२४ मध्ये ती अटींसह खुली झाली. त्या पाच महिन्यांत शहरातील कुटुंबाचे किती रुपये वाचले आणि नाशिकच्या शेतकऱ्याचे किती बुडाले, याचा निष्पक्ष ताळेबंद त्याच जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी मांडला, तर पुढच्या वेळी निर्णय करणाऱ्यांना डोळस होता येईल. तो ताळेबंद कोणाला रुचो वा न रुचो.

त्यासाठी अब्जावधी रुपये लागत नाहीत. कोल्हापूर, सोलापूर, जळगाव येथील विद्यापीठांनी आणि राहुरीसारख्या कृषी विद्यापीठांनी आपापल्या परिसरातील एकेक जिन्नस निवडावा. सोलापूरने टॉवेल व चादर, कोल्हापूरने ओतकाम उद्योग, लातूर-नांदेडच्या परिसराने सोयाबीन. चार प्राध्यापक आणि दहा विद्यार्थ्यांचा गट पाच वर्षे त्याच जिन्नसावर ठाण मांडून बसला, दरवर्षी त्याच उत्पादकांकडे जाऊन खर्च, भाव आणि रोजगार नोंदवीत राहिला, तर पर्ड्यूच्या ६५ खान्यांत जे दिसत नाही ते दिसू लागेल. पर्ड्यूची वही झिडकारण्याचे कारण नाही. ती शिकून घ्यावी, तिची गृहीतके आपल्या परिस्थितीप्रमाणे बदलावीत आणि आपली पाने तिला जोडावीत. व्यापारी मंडळांनी आणि सहकारी संस्थांनी अशा गटांना निधी द्यावा, मात्र निष्कर्ष आपल्या सोयीचे निघावेत ही अट घालू नये. विकत घेतलेला आकडा वाटाघाटीच्या मेजावर पहिल्याच प्रश्नाला कोसळतो.

यात कुटुंबांचाही वाटा आहे. घरातील बुद्धिमान मुलगा वा मुलगी अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र घेऊ म्हणाली, तर मध्यमवर्गीय घरात अजूनही चेहरे उतरतात. अभियांत्रिकीची जागा मिळत असताना हे काय, असे विचारले जाते. सीमेवर उभा राहणारा जवान देशसेवा करतो, हे सर्वांना कळते. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा कोणत्या गावातील कोणता कारखाना किती दिवस तग धरेल, हे बिनचूक सांगू शकणारी तरुणीही देशाच्या उपयोगी पडणारी होती. अशा तरुणींची आणि तरुणांची फळी एका वर्षात उभी राहत नाही.

व्यापाराचे युद्ध शुल्काने लढले जाते, पण त्याची तयारी कोष्टकांनी होते. दुसऱ्याच्या वहीतील बेरीज वाचून सही करणारा देश एक तर अकारण घाबरतो किंवा अकारण हुरळतो. आपली वही आपण लिहिणारा देश मात्र शांतपणे म्हणू शकतो की, येथे दार उघडू, येथे अर्धवट लोटू आणि हे दार तूर्त बंद ठेवू. रानडे आणि गाडगीळ यांच्या महाराष्ट्राने ती वही पुन्हा उघडावी. लेखणी उचलण्यास आपल्या विद्यापीठांना कोणत्याही कराराची आडकाठी नाही.